मागून पुढे बांधायची हॉट रॉड: लांबच्या प्रवासासाठी आणि ट्रेलर ओढण्यासाठी

पानाकाका

नमस्कार मंडळी,

हॉट रॉडवर, म्हणजे जुनी गाडी उघडून नव्या ताकदीने पुन्हा बांधलेल्या गाडीवर, इथे अधूनमधून चर्चा होते, पण ती बहुतेक वेळा इंजिनापासून सुरू होते आणि इंजिनापाशीच संपते. व्ही-८ कुठला, कार्ब्युरेटर किती, आवाज कसा. या धाग्यात मला जरा वेगळ्या गाडीबद्दल बोलायचं आहे. घरच्या गॅरेजमध्ये बांधलेली, दोघांनी बसून दिवसभर चालवावी अशी, आणि मागे झोपण्यापुरता छोटा ट्रेलर ओढणारी. अशी गाडी मागून पुढे बांधावी असं माझं ठाम मत आहे. आधी हिच (ट्रेलर जोडायचा आकडा), मग मागचा अ‍ॅक्सल, मग चासी, ब्रेक, थंडावा, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

हॉट रॉडचा पिंड याच्या उलट आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर पोरं वेगासाठी गाड्या पळवायची. त्यांच्या शर्यतींना शिस्त लावणारी एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना १९३७ साली उभी राहिली. वेग वाढवायचा म्हणजे वजन कमी करायचं, म्हणून मडगार्ड, काच, मागची सीट, बंपर सगळं निघालं. आपल्याला जायचंय लांब, तेही भार घेऊन. त्यामुळे त्या पोरांनी जे जे काढलं, त्यातलं बरंचसं आपल्याला परत बसवावं लागतं, आणि नव्या ताकदीचं बसवावं लागतं.

आता पाया. फोर्डची मॉडेल ए (१९२८-३१) देखणी आहे, हलकी आहे आणि तिचे सुटे भाग अजून नवे मिळतात. पण व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) १०३.५ इंच, चासी लवचीक, आणि मूळ पेट्रोलची टाकी थेट डॅशबोर्डच्या जागी. १९३२ ची फोर्ड सगळ्यांची लाडकी, तिचा व्हीलबेस १०६ इंच. १९३३-३४ मध्ये फोर्डने तो ११२ इंचांवर नेला आणि चासीत एक्स-मेंबर (फुलीसारखा आधार) घातला. मी १९३४ ची चार दारांची सेडान घेतली ती याच कारणासाठी. लांब व्हीलबेसची गाडी मागून ढकललं-ओढलं तर लवकर तोंड फिरवत नाही.

हिचचा हिशेब करू. सामानासकट ट्रेलर ५५० किलोंचा धरा. दांड्यावर, म्हणजे हिचच्या बॉलवर, येणारा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. आपण ७५ किलो धरू. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या १.१ मीटर मागे आहे आणि व्हीलबेस २.८४ मीटर. साधी तरफ आहे: ७५ × १.१ ÷ २.८४, म्हणजे पुढच्या चाकांवरचे २९ किलो कमी होतात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर १०४ किलो वाढतात. यात डिकीतलं सामान धरलेलंच नाही. पुढच्या बाजूने आधीच हलक्या असलेल्या गाडीत हे २९ किलो स्टिअरिंगला जाणवतात. म्हणून बॉल अ‍ॅक्सलच्या जितका जवळ बसेल तितका बसवायचा, आणि जड वस्तू मागच्या सीटच्या पुढे ठेवायच्या.

दांड्यावरचा भार कमी ठेवून सुटका होत नाही, हे आधीच सांगतो. तो दहा टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर शेपटी हलवू लागतो, आणि वेगाबरोबर ते हेलकावे वाढत जातात.

ठिणगी

काका, वाचतोय. चासीबद्दल माझे दोन शब्द.

जुन्या फोर्डचे रेल, म्हणजे चासीचे लांब दांडे, 'सी' आकाराचे असतात. उघडा सी पिळाला फारच कमी विरोध करतो. आतली बाजू पत्र्याने बंद करून त्याची पेटी केली की तोच रेल कितीतरी पटीने ताठ होतो. यालाच बॉक्सिंग म्हणतात. तीन-चार मिलिमीटर जाडीची पट्टी पुरते, त्याहून जाड घेऊन वजनच वाढतं. खरी गोम वेल्डिंगच्या क्रमात आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग पट्टा ओढलात तर रेल केळ्यासारखा वाकतो, आणि मग दारं बसत नाहीत, बॉनेट बसत नाही, चाकांची रांग लागत नाही. चासी सपाट जिगवर (पक्क्या चौकटीवर) घट्ट आवळा. आधी ठिकठिकाणी टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा. मग एक इंच इथे, एक इंच समोरच्या रेलवर, असं फिरत फिरत भरा. मध्ये हात लावून बघा, गरम असेल तर थांबा. दर टप्प्याला कर्ण मोजा: पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्या भोकापर्यंत आणि उलट. दोन्ही सारखे हवेत.

हिच कशाला जोडायचा? बंपरच्या कंसांना तर कधीच नाही. मागच्या आडव्या मेंबरला नुसता बोल्ट मारणंही पुरेसं नाही, कारण ट्रेलर नुसता ओढत नाही; तो खड्ड्यात खाली दाबतो, वर उचलतो आणि वळणावर आडवा खेचतो. रिसीव्हरच्या, म्हणजे बॉलचा दांडा ज्यात बसतो त्या, नळीपासून दोन तिरके हात पुढे आणून ते अ‍ॅक्सलच्या जवळ रेलला बांधा. बोल्टचं भोक पेटीच्या रेलमधून आरपार जात असेल तर आत नळीचा तुकडा वेल्ड करा, नाहीतर बोल्ट आवळताना पेटी चेपते. आणि पेट्रोलची टाकी, एक्झॉस्ट आणि हिच या तिघांना मागे एकच जागा हवी असते. म्हणून टाकीचा आकार ठरवण्याआधी हिच उभा करून बघा.

आणखी एक, जिवावरची गोष्ट आहे म्हणून. वेल्डिंगच्या जागी क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारू नका. आर्कच्या उष्णतेत आणि अतिनील किरणांत त्याच्या वाफेतून फॉस्जिन वायू तयार होतो. तो अगदी थोडाही प्राणघातक ठरू शकतो. अ‍ॅसिटोनने पुसा, पूर्ण सुकू द्या, चिंध्या आणि डबा लांब ठेवा, मगच मशीन चालू करा.

सपाट_हेड

सगळं पटलं, पण इंजिनाला शेवटी ढकलणं जिवाला लागलं. १९३४ च्या फोर्डमध्ये तिचाच फ्लॅटहेड व्ही-८ शोभतो. १९३२ मध्ये सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारा व्ही-८ फोर्डने आणला, तो २२१ घनइंचांचा, ६५ अश्वशक्तीचा. त्या इंजिनामुळे तर हॉट रॉड जन्माला आली. १९४९ ते ५३ चा २३९ घनइंचांचा ब्लॉक घ्या, शंभर ते एकशे दहा अश्वशक्ती आहे. लहान ट्रेलर ओढायला तेवढी पुरत नाही का? त्या काळी लोक याच इंजिनांवर घरं ओढत फिरलेच ना?

पानाकाका

सपाट_हेड, तुमचं प्रेम मला कळतं. त्या इंजिनाचा आवाज दुसऱ्या कशाला येत नाही. आणि ताकदीबद्दल तुम्ही बरोबर आहात, ५५० किलो ओढायला शंभर अश्वशक्ती चालते.

अडचण उष्णतेची आहे. फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, आणि जळालेला वायू बाहेर पडण्यासाठी ब्लॉकमधूनच, सिलिंडरांच्या मधून, पाण्याच्या जॅकेटला लागून जातो. म्हणजे जी उष्णता एक्झॉस्टने बाहेर न्यायची ती वाटेतच पाण्याला देतो. वर मधल्या दोन सिलिंडरांना बाहेर पडायला प्रत्येक बाजूला एकच सामाईक वाट. सपाट रस्त्यावर एकटी गाडी असेल तर सुस्थितीतला फ्लॅटहेड दिवसभर थंड चालतो. लांबलचक चढावर, मागे ओझं, वेग कमी, समोरून वारा नाही, तेव्हा हीच रचना आड येते. तुम्ही फ्लॅटहेडच लावणार असाल तर ब्लॉकमधली जुनी वाळू आणि गंज पूर्ण काढा, दोन्ही पाण्याचे पंप नवे घाला, रेडिएटर जाड घ्या आणि चढावर घाई करू नका. चालेल. मी मात्र वेगळा रस्ता धरला.

माझ्या गाडीत जीएमचं ५.३ लिटरचं लोखंडी ब्लॉकचं ट्रकचं इंजिन येणार आहे, १९९९ पासून त्यांच्या पिकअपमध्ये आलेलं. ते मुळातच ओढण्यासाठी बनलं आहे, फ्युएल इंजेक्शन आहे, उंचीवर गेलं तरी मिश्रण स्वतः जुळवतं. १९५५ पासूनचा शेवरोलेचा स्मॉल ब्लॉकही उत्तमच, आणि ज्यांना बॉनेट उघडल्यावर संगणकाच्या तारा पाहवत नाहीत त्यांनी तो जरूर घ्यावा. सरळ सहा सिलिंडरांचा विचारही करा. फोर्डचं ३०० घनइंचांचं सहा सिलिंडरी इंजिन, १९६५ ते १९९६, सात मेन बेअरिंग, खालच्या फेऱ्यांतच सगळा जोर. ओढण्यासाठी इतकं समजूतदार इंजिन क्वचितच. फक्त ते लांब आहे, आणि १९३४ च्या बॉनेटखाली बसवायला फायरवॉल मागे घ्यावी लागते.

गिअरचं गणित इंजिनापेक्षा महत्त्वाचं आहे. टायरचा व्यास २८ इंच आणि मागचा अ‍ॅक्सल ३.७३ धरा. ताशी १०० किलोमीटरला थेट गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे २,७८० फेऱ्यांवर असतं. ०.७० चा ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) लागला की १,९५० वर येतं. म्हणजे एकटं फिरताना ओव्हरड्राइव्ह, ट्रेलर असताना तिसरा. आता जुन्या पद्धतीचा तीन गिअरचा टीएच-३५० गिअरबॉक्स आणि ३.०० चा अ‍ॅक्सल घ्या: १०० ला २,२४०, ऐकायला छान. पण पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर २.५२ × ३.०० म्हणजे ७.५६ होतं, आणि ओव्हरड्राइव्हवाल्या ४एल६०ई गिअरबॉक्ससोबत ३.०६ × ३.७३ म्हणजे ११.४. चढावर थांबून पुन्हा निघताना दीडपट जोर! हा फरक कॅमशाफ्ट बदलून मिळत नाही.

सपाट_हेड

मधल्या सिलिंडरांच्या वाटेचा मुद्दा मान्य. तरी मी फ्लॅटहेडच लावणार, आणि ट्रेलर ३०० किलोंच्या आत ठेवणार. इंजिन ठरवलं की ओझं त्याप्रमाणे ठरवायचं, हाही एक रस्ता आहे.

पानाकाका

नक्कीच आहे. आणि प्रामाणिक रस्ता आहे.

वळणवाट

काका, धागा मनापासून आवडला. आम्ही दोघं अशीच एक सेडान घेऊन वर्षानुवर्षं फिरतोय, म्हणून चालवणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

सगळे चढाचं बोलतात, मला उताराचं बोलायचंय. गाडी माणसांसकट १,३५० किलो आणि ट्रेलर ५५०, एकूण १,९०० किलो. १०० च्या वेगावरून पूर्ण थांबायला ब्रेकना साधारण ७३० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. आता सहा टक्क्यांचा पाच किलोमीटर उतार घ्या. तीनशे मीटर खाली उतरलो. त्याची ऊर्जा ५,६०० किलोज्यूल. म्हणजे १०० वरून सात-आठ वेळा लागोपाठ पूर्ण थांबण्याइतकी. हवा आणि इंजिन काही भाग खातात, पण इंजिनाला तो खाऊ द्यायचा असेल तर खालचा गिअर उताराच्या आधी टाकावा लागतो. उतारावर वेग चढल्यावर ब्रेक धरून ठेवले की ते तापतात, पाणी शोषलेलं ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल सरळ खाली जातं. म्हणून ब्रेक ऑइल वेळेवर बदलत राहायचं.

१९३४ च्या फोर्डला मुळात दांड्यांचे यांत्रिक ब्रेक होते, फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये दिले. ते दांडे काढावेच लागतात. पुढे डिस्क, मागे मोठे ड्रम किंवा डिस्क, आणि दोन वेगळ्या खणांचा मास्टर सिलिंडर, म्हणजे एक नळी फुटली तरी दोन चाकं थांबतील. बहुतेक रॉडमध्ये मास्टर सिलिंडर फरशीखाली, कॅलिपरपेक्षा खाली बसतो. तिथे रेसिड्युअल व्हॉल्व्ह (नळीत थोडा दाब धरून ठेवणारे) लागतात: डिस्कला २ पीएसआय, ड्रमला १० पीएसआय. नसतील तर ऑइल हळूहळू मागे येतं आणि पहिल्या दाबाला पेडल पोकळ लागतं.

आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक नसले तरी चालतात, पण ते नियम मोठ्या कारखान्यात तपासलेल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून झालेत. आपल्या गाडीला कंपनीने ओढायची मर्यादाच दिलेली नाही. ती मर्यादा आपण ठरवायची, आणि सगळ्यात कमजोर भागावरून ठरवायची. विजेचे ब्रेक असतील तर त्यांचा हाताचा लिव्हर चालवणाऱ्याला न बघता सापडला पाहिजे. ट्रेलर हेलकावे खायला लागला तर गाडीचे ब्रेक न दाबता पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके ओढायचे. मागून ताण बसला की रांग सरळ होते.

दारांबद्दलही सांगते. १९३४ ची पुढची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे पुढून उघडणारी. वेगात कडी सुटली तर वारा दार उपटून नेतो. दोन टप्प्यांत पकडणाऱ्या आधुनिक कड्या घाला आणि वर आतून एक सुरक्षा खिटी. सीटबेल्टचे बोल्ट पत्र्याच्या फरशीत न मारता चासीला जोडलेल्या पट्टीत मारा. छप्पर कापून खाली घेणार असाल तर एकदा सीटवर बसून ट्रेलरच्या कडेने मागचं किती दिसतं ते पाहा. ज्या गाडीत दिवसभर बसायचंय तिची खिडकी कमी करणं मला पटत नाही.

ठिणगी

ताई, उताराचं गणित छापून गॅरेजच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे. +१

पहिलाच_रॉड

नमस्कार, मी नवीन आहे. दोन शंका. पुढे सरळ अ‍ॅक्सल ठेवू की मस्टँग टू (फोर्डची सत्तरच्या दशकातली गाडी) पद्धतीचं स्वतंत्र सस्पेन्शन लावू? आणि गिअरबॉक्सला वेगळा कूलर खरंच लागतो का? रेडिएटरमध्ये असतोच ना?

पानाकाका

पहिल्याचं थोडक्यात: दोन्ही चालतात. सरळ अ‍ॅक्सलला ५ ते ७ अंश कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) द्या आणि आडवं सरकू न देणारा पॅनहार्ड दांडा लावा, गाडी सरळ धावेल. मडगार्ड असतील तर मी स्वतंत्र सस्पेन्शन आणि रॅक-पिनियनच्या बाजूने आहे. दिवसाच्या शेवटी खांदे कमी दुखतात. मडगार्ड नसतील तर मात्र तो उघडा अ‍ॅक्सल हाच गाडीचा चेहरा आहे, तो घालवू नका.

मागे चार दांड्यांचं सस्पेन्शन आणि कॉइल-ओव्हर (शॉकवर बसवलेले स्प्रिंग) दिसायला सुरेख, पण एकटी गाडी आणि ट्रेलरसह गाडी या दोन भारांना एकच स्प्रिंग पुरत नाही. समांतर पाटे लावले तर ते अ‍ॅक्सल धरतात, भारही पेलतात आणि पाटा वाढवता येतो. ज्यांना पाटे नकोत त्यांनी दाब बदलता येणारे हवेचे स्प्रिंग लावावेत. अ‍ॅक्सल फोर्डचा ९ इंची, १९५७ पासूनचा. त्याचा मधला गोळा पुढून पूर्ण निघतो, म्हणून घरी गुणोत्तर बदलायला तो सोयीचा पडतो.

दुसऱ्या शंकेचं उत्तर मोठं आहे, कारण ओढणाऱ्या गाडीत सर्वांत आधी मरतो तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. टॉर्क कन्व्हर्टर लॉक नसतो तेव्हा तो तेल घुसळत असतो आणि त्याची उष्णता होते. ८० ते ९५ अंश सेल्सियसला तेल सुखात असतं. त्याच्या वर दर दहा-अकरा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं असं मेकॅनिकांचं ढोबळ सूत्र आहे. रेडिएटरमधला कूलर पाण्याच्या तापमानाच्या खाली तेल नेऊच शकत नाही. म्हणून तेल आधी रेडिएटरमधून आणि मग बाहेरच्या कूलरमधून न्या, तिथून परत गिअरबॉक्सला. आणि डॅशबोर्डवर तेलाच्या तापमानाचा काटा लावा. ओव्हरड्राइव्हमध्ये चढावर गिअर सारखा वरखाली होऊ लागला की काटा बघता बघता वर जातो. त्याआधीच हाताने तिसऱ्यात आणा. ज्यांनी केबलवाला ७००आर४ (४एल६०ई च्या आधीचा गिअरबॉक्स) घेतलाय त्यांनी टीव्ही केबल (थ्रॉटल किती उघडला ते गिअरबॉक्सला कळवणारी तार) जुळवल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये. ती सैल असेल तर आतला दाब कमी राहतो आणि क्लच थोड्याच अंतरात जळतात.

रेडिएटरचंही तसंच. १९३४ ची जाळी उंच आणि अरुंद, त्यामुळे पंख्याला आच्छादन हवंच. नुसता पंखा समोरच्या वर्तुळातूनच हवा ओढतो, कोपरे तसेच राहतात. आत आलेली हवा बाहेर पडायला वाट द्या. बॉनेटच्या बाजूंच्या झडपा त्यासाठीच आहेत, गुळगुळीत पत्रा लावून त्या बुजवू नका.

तारवाला

विजेचं कुणी बोललं नाही म्हणून येतो. मूळ गाडी ६ व्होल्टची आणि पॉझिटिव्ह अर्थिंगची. ते सगळं काढून १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थिंग. ट्रेलरला विजेचे ब्रेक आणि गाडीला विजेचा पंखा असेल तर अल्टरनेटर १०० अँपिअरच्या वरचा घ्या. इंजिन रिकाम्या फेऱ्यांवर असताना तो किती देतो ते आधी पाहा.

या गाड्यांना मुळात इंडिकेटर नव्हतेच. आपण ते लावतो तेव्हा बहुधा मागचा एकच दिवा ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही दाखवतो. ट्रेलरला ते वेगळे असतील तर मध्ये कन्व्हर्टर लागतो, आणि तो बॅटरीवरून स्वतःच्या फ्यूजने चालणारा घ्या. गाडीच्या दिव्यांच्या वायरीवर ट्रेलरचा भार टाकला की जुना स्विच तापतो. ट्रेलरची अर्थिंग कधीही बॉलमधून होईल असं धरू नका. ग्रीस लावलेला बॉल वीज नेत नाही, म्हणून प्लगमधून जाड वेगळी वायर आणा. ब्रेकवे स्विचची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणाऱ्या स्विचची) तार सुरक्षा साखळीला न बांधता चासीला वेगळी बांधा. साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेदून, म्हणजे जोड सुटला तर दांडा त्यांच्या झोळीत पडेल, रस्त्यात रुतणार नाही.

एलएस इंजिन (काकांचं ५.३ लिटरचं याच कुळातलं) लावणाऱ्यांनी चासीवर कुठलंही वेल्डिंग करण्याआधी बॅटरी आणि संगणक दोन्ही काढून ठेवावेत.

पहिलाच_रॉड

खूप खूप आभार सगळ्यांचे. शेवटचं एक: रंग कधी?

पानाकाका

सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी गाडी नागड्या पत्र्यावर चालवून. क्रम असा ठेवा. आधी ज्या टायरवर जाणार आहात तेच टायर लावून गाडी तिच्या अखेरच्या उंचीवर ठोकळ्यांवर उभी करा. बॉडी ठेवा, इंजिन-गिअरबॉक्स ठेवा, सीट ठेवून त्यात बसा, स्टिअरिंगचा दांडा कुठून जातो ते बघा, मागे हिच धरा. हे सगळं टॅकवर. काहीतरी एकमेकांना अडेलच, ते आत्ता अडू दे. मग पूर्ण वेल्ड, मग ब्रेक, तारा, थंडावा. मग काही काळ एकटी गाडी चालवा, दर फेरीनंतर खाली झोपून प्रत्येक बोल्टवर पाना फिरवा. मग रिकामा ट्रेलर, मग भरलेला, आणि भरलेल्याचं वजन काट्यावर करून. दांड्यावरचा भारही मोजा, अंदाजाने सोडू नका. सगळं सुटं करून रंगवायला घ्यायचं ते यानंतर, कारण तोवर हिचच्या तिरक्या हातांना एक-दोन भोकं नक्कीच वाढवावी लागलेली असतात.

माझी चासी सध्या जिगवर आहे, मागचे तिरके हात टॅक झालेत. ठिणगी, तुम्ही म्हणालात ते नळीचे तुकडे १२ मिलिमीटरच्या बोल्टसाठी घालतोय. भिंत किती जाड ठेवू, तीन पुरेल का?

ठिणगी

तीन पुरेल काका. दोन्ही तोंडांना गोल वेल्ड करा, ग्राइंडरने सपाट करा आणि बोल्ट १०.९ दर्जाचे घ्या. तिरक्या हाताचा रेलवरचा जोड एका जागी संपवू नका, मासळीच्या तोंडासारखी पट्टी कापून ताण पसरू द्या.